शेपटाच्या मागे

रस्त्याच्या पलीकडे ती सगळी सायकलवाली जमली होती आणि अलीकडे, पिठाच्या बंद गिरणीच्या शटरला सायकल टेकवून, मी उभा होतो. डिसेंबरातला रविवार. नीट उजाडलंही नव्हतं. बोलणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि हेल्मेटांवरचे छोटे लाल दिवे लुकलुकत होते.

रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचं, "नमस्कार, मी गजानन उंब्रजकर." एवढंच काम होतं. घरापासून समर्थ मंदिराच्या चौकापर्यंत हे वाक्य मी मनात म्हणतच आलो होतो.

त्यांच्यातलं कुणीही मला ओळखत नव्हतं. मी मात्र जवळजवळ सगळ्यांना ओळखत होतो. तो उंच, कानटोपीवर हेल्मेट चढवलेला, तो उदय शेडगे. औषधांचं दुकान, ग्रुपचा ॲडमिन, रोज पहाटे हवामान कळवणारा. नारिंगी जाकीट घालून सगळ्यांच्या टायरातली हवा अंगठ्यानं तपासत फिरणारी ती शकिला तांबोळी, शाळेत खेळाची शिक्षिका. आणि ज्यांचा आवाज गिरणीपर्यंत स्पष्ट येत होता ते पिसाळ वकील. दांडगा माणूस, लाखभराची सायकल, आणि ग्रुपवर दर रविवारी दुपारी एक तरी संदेश: "आज उतारावर साठ गाठले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी!"

हे सगळं मला वाचून माहीत होतं. पाच महिन्यांपूर्वी मुलीनं नाशिकहून नवा फोन पाठवला आणि तो कसा वापरायचा ते फोनवरूनच शिकवलं. चाळता चाळता एक फोटो समोर आला. यवतेश्वरच्या घाटात कठड्याला सायकली लावून उभी असलेली हसरी माणसं, आणि खाली ओळ: 'रविवारी सायकल काढताय? मग एकटे कशाला?' खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं, आणि मी ग्रुपमध्ये होतो. नव्यांनी आपली ओळख लिहावी, असं उदयनं लगेच कळवलं. मी ओळख लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. कॉलेजात ग्रंथपाल होतो, हे सांगावं का? त्याचं त्यांना काय? वय सांगितलं तर हसतील, नाही सांगितलं तर प्रत्यक्ष पाहून हसतील. तोवर इतरांचे शेकडो संदेश येऊन गेले आणि माझी ओळख राहूनच गेली.

वाचन मात्र एकही दिवस चुकवलं नाही. कुणाची साखळी तुटली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण कुणावर रुसलं, सगळं. रोज रात्री जेवणानंतर मी चष्मा पुसून बसायचो.

"तुम्हाला माणसं आवडतात हो," आदल्या संध्याकाळी माझी बायको नलिनी म्हणाली होती, "पण पुस्तकातल्यासारखी. हवी तेव्हा मिटून ठेवता आली पाहिजेत."

"उद्या जातो," मी म्हणालो.

"मागच्या शनिवारीही हेच म्हणालात."

"उद्या नाही गेलो तर ग्रुप सोडतो."

"शब्द?"

"शब्द."

ती गंमत करत नव्हती आणि मीही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. दूधवाला आणि नलिनी सोडून दिवसभरात मी कुणाशी बोलल्याचं मला आठवेना. फोनच्या त्या खिडकीतून आत डोकावत राहण्याची मला आता लाजच वाटू लागली होती. एक तर आत जायचं, नाहीतर खिडकी लावून घ्यायची.

पलीकडे उदयनं टाळी वाजवली. "नियम तोच! कुणालाही मागं सोडायचं नाही. सगळ्यात शेवटी शेपूट. वर जाताना शेपूट शकिलाताई. शेपटाच्या मागं कुणी राहायचं नाही, आणि शेपूट वर पोचल्याशिवाय मिसळीला हात लावायचा नाही. चला!"

मी सायकलच्या हॅन्डलवर हात ठेवला. तेवढ्यात एक ट्रक मध्ये आला. ट्रक गेला तेव्हा ती निघालीही होती. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं.

पण शब्द दिला होता. म्हणून मी एक मधला मार्ग काढला. त्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून जायचं. दिसतील इतकं जवळ, दिसणार नाही इतकं लांब. घरी सांगायला खोटंही पडणार नाही.

माझी सायकल साधी, काळी, बिनगिअरची. पण त्याच सायकलवरून मी जन्मभर कॉलेजात गेलो होतो, पाय तसे तयार होते. पहिल्या चढावर रंगीत घोळका वळणाआड गेला आणि माझ्यासमोर एकच नारिंगी ठिपका उरला. तो ठिपका हळू चालला होता. मी त्याहून हळू चालवू लागलो. ठिपका आणखी हळू झाला. मी जवळजवळ उभाच राहिलो. मग ठिपका थांबला. मी उतरलो आणि अजिंक्यताऱ्याकडे बघू लागलो. धुक्यात किल्ला दिसतच नव्हता, तरी बघत राहिलो. ठिपका निघाला. मी निघालो. दोन वळणांवर हेच झालं. घाटात इतकं हळू कुणी चढत असेल, तर आम्ही दोघंच.

तिसऱ्या वळणानंतर ठिपका दिसेनासा झाला. हायसं वाटून मी जोरात पायडल मारले आणि वळण पार केलं, तर कठड्यावर शकिला तांबोळी हाताची घडी घालून बसली होती.

"काय चाललंय काय काका तुमचं?"

"काही नाही. असंच. फिरायला."

"असंच? मी थांबले की थांबताय, मी निघाले की निघताय. मला वाटलं दम लागला असंल, म्हणून मी हळू केलं, तर तुम्ही त्याहून हळू! सायकल इतकी हळू चालवता येते हे मला आजच कळलं. शाळेत मंद सायकलची स्पर्धा घेते मी. तुम्हाला कप दिला असता."

"तुम्ही व्हा पुढे. मी तुमच्यातला नाही."

"मग कुणातले?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून उदयचा आवाज मलाही ऐकू आला. "ताई, कुठं आहात? आम्ही सगळे वर आलो. तर्री थंड व्हायला लागली."

"येते. एक जण आहे मागं."

"कोण? सगळे इथं आहेत की."

"एक काका आहेत," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

माझ्यामुळे वर ती सगळी माणसं ताटकळली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी परत जातो," मी म्हणालो आणि सायकल वळवली.

"जावा की. पण मग मलाही खाली यावं लागंल."

"ते का?"

"शेपटाच्या मागं कुणी राहायचं नाही. तुम्ही खाली गेला की मी खाली. आणि मी वर नाही गेले तर ती सगळी उपाशी. पिसाळ वकील तर दावाच लावतील तुमच्यावर."

वकिलांचं नाव ऐकून मला हसू फुटलं. तिनं ते पाहिलं.

"ओळखता त्यांना?"

"नाही. म्हणजे... ग्रुपवर वाचतो."

"आमच्या ग्रुपवर आहात तुम्ही?"

"पाच महिने झाले."

"पाच महिने! आणि कधी साधं गुलाबाचं फूलसुद्धा टाकलं नाही? उदयभाऊंना कळलं तर तुमचा फोटो फ्रेम करून दुकानात लावतील." ती कठड्यावरून उतरली. "चला. चढवत नसंल तर ढकलत चला. ढकललेलं चालतं आमच्यात."

मी ढकलली नाही. बऱ्याच वर्षांत इतक्या हट्टानं मी काही केलं नव्हतं. शेवटच्या खड्या चढावर मात्र उतरावं लागलं, तेव्हा तीही उतरली आणि शेजारून चालू लागली.

वर टपरीपाशी आम्ही दिसताच टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्यासुद्धा. माझे कान तापले. उशीर केला म्हणून ही माझी फजिती चालली आहे, असंच मला वाटलं.

"मान वर करा," शकिला हळूच म्हणाली. "शेवटी येणाऱ्याला वाजवतातच. पहिल्याला कुणी विचारत नाही इथं."

एवढ्यात पिसाळ वकील पुढे आले. "काय हो काका, घाट चढत होता की शकिलाबाईंच्या पाळतीवर होता?"

हशा उसळला. पाळत हाच शब्द नेमका खरा होता.

"वकीलसाहेब, आधी खावा," शकिला म्हणाली. "उपाशीपोटी तुमची जीभ जास्त चालती."

"नवीन माणसानं नाव सांगायचं!" उदय म्हणाला. "आणि काय करता तेही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. जन्मभर लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं. त्या क्षणी माझ्याच ओठांवर कुणी बोट ठेवलं असावं.

शकिलानं विचारलं, "काका, आडनाव काय?"

"उंब्रजकर," मी तिच्या कानात सांगितल्यासारखं म्हणालो.

"हे उंब्रजकर काका!" तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. माझं वाक्य दुसऱ्याच कुणी तरी म्हणून टाकलं होतं.

मिसळ मी एका कोपऱ्यात बसून खाल्ली. चव लागली नाही. आलो, पाहिलं, जमलं नाही, असं नलिनीला सांगायचं मी ठरवून टाकलं. रात्री ग्रुप सोडायचा. निदान प्रयत्न केला होता.

खाऊन झाल्यावर उदयनं विचारलं, "उतरताना शेपूट कोण?"

हा त्यांचा नेहमीचा पेच असावा. वर जाताना शेपूट व्हायला कुणाची ना नसते, पण उतार सगळ्यांनाच हवा असतो. कुणी बुटाची नाडी बांधू लागलं, कुणी फोन काढला.

शकिलानं शेपटाचं नारिंगी जाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "काका होतील."

"अहो ताई, ते आजच आलेत," उदय म्हणाला.

"म्हणूनच. त्यांच्या मागं राहून दाखवायला कुणाला जमणार आहे? मी प्रयत्न करून बघितला."

पुन्हा हशा. उदय मात्र हसला नाही. त्यानं मला सरळ विचारलं, "काका, पंक्चर काढता येतं?"

"येतं," मी म्हणालो. या एका शब्दाला आवाज फुटला, कारण त्याबद्दल मला शंका नव्हती.

"फोनमध्ये माझा नंबर आहे?"

"आहे."

"मग घाला जाकीट."

ते मला ढगळ होत होतं. सगळे भराभर निघाले. शकिला तर मुलीसारखी ओरडत पहिल्या उतारावर गेली. टपरीपाशी मी एकटा उरलो, आणि शेवटची सायकल वळणाआड गेल्यावर निघालो.

दोन वळणं उतरलो आणि मला ती लाखभराची सायकल कठड्याला टेकलेली दिसली. शेजारी पिसाळ वकील कानाला फोन लावून उभे होते. मला पाहताच त्यांनी हात हलवला. "तुम्ही व्हा पुढं. अशिलाचा फोन आहे. वेळ लागंल."

मी थांबलो. फोनवर ते काहीच बोलत नव्हते. ऐकतही नसावेत. त्यांचा दुसरा हात कठड्याच्या दगडावर होता आणि दगड इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

बाकी कशाची नाही, पण त्या एका गोष्टीची मला पारख होती. पुस्तक उघडं धरून न वाचणारी मुलं मी पाहिली होती. सकाळीच धुक्यात न दिसणारा किल्ला मी स्वतः बघत उभा राहिलो होतो. आणि त्या सगळ्या महिन्यांत मी फोटो नीट पाहिले होते. चढावरच्या प्रत्येक फोटोत वकील होते. उतारावरच्या एकाही नव्हते.

"मला पुढे जाता येत नाही," मी म्हणालो. "मी शेपूट आहे."

"अहो, मी सांगतो ना. मागून दुधाचा टेम्पो येतो. त्यात टाकतो सायकल."

"मग टेम्पो येईपर्यंत थांबतो."

मी सायकल उभी केली आणि त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो. काही विचारलं नाही. विचारायचं कसं, हे मला येतच नव्हतं. गप्प बसणं येत होतं. धुकं विरलं होतं आणि खाली सातारा दिसत होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी फोन खिशात घातला.

"मागच्या वर्षी पडलो," ते समोर बघत म्हणाले. "इथं नाही, मेढ्याच्या रस्त्याला. एकटाच होतो. गळ्याचं हाड मोडलं. घरी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला."

मी मान हलवली.

"चढाला काही वाटत नाही. उतार दिसला की हात गोठतात. ब्रेक दाबला की सुटत नाही आणि सोडला की दाबवत नाही." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "कोर्टात माझ्या आवाजानं साक्षीदार थरथरतात, काका."

"चालत जाऊ," मी म्हणालो.

"खाली सगळे थांबलेत. काय सांगू त्यांना? दर वेळी शेपटाला पुढं काढतो, सांगतो, मी मागून परस्पर घरी जातो. आज तुम्ही मागं आहात म्हटल्यावर ते हलायचे नाहीत."

"खाली पोचल्यावर बघू."

आम्ही सायकली हातात धरून उतरू लागलो. चालताना मी त्यांना एकच गोष्ट विचारली. कोर्टातला पहिला खटला कोणता? मग मला काही करावंच लागलं नाही. एका बांधावरून दोन चुलत भावांचं कसं पेटलं, न्यायाधीश कसे झोपायचे, साक्षीदार म्हणून आणलेला म्हातारा बहिरा कसा निघाला, हे सांगता सांगता घाटाची खडी वळणं संपली. उतार सौम्य झाला तिथे मी म्हणालो, "आता बसा. मी मागे आहे."

ते बसले. दोन्ही ब्रेक करकरत, एक पाय जमिनीला घासत, पण बसले. अधूनमधून ओरडून विचारत होते, "आहात का?" आणि मी म्हणत होतो, "आहे."

तळाशी सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. या वेळी टाळ्या नव्हत्या. उदय धावत पुढे आला. "काय झालं? वकीलसाहेबांचा फोन बंदच येतोय! कुणी पडलं का? आम्ही वर यायला निघालो होतो."

वकिलांचा चेहरा मी पाहिला. घाटात मोकळा झालेला तो माणूस एकदम मिटला. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांचा तो मोठा आवाज फुटला नाही. तो क्षण मला ओळखीचा होता. सकाळी टपरीपाशी माझंही हेच झालं होतं.

"माझा ब्रेक लागत नव्हता," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. आता थांबता येणार नव्हतं. "घाटात लक्षात आलं. वकीलसाहेबांनी पाहिलं आणि ते माझ्यासाठी थांबले. टेम्पोनं जा म्हटलं, तर ऐकेनात. खडी वळणं संपेपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्यामुळे उशीर झाला. चूक माझ्या सायकलची."

इतकं सलग मी किती तरी वर्षांत बोललो नव्हतो, आणि त्यात एकही शब्द अडला नव्हता.

"बघू," शकिला म्हणाली. ती पुढे आली, माझ्या सायकलपाशी वाकली आणि तिनं ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली. चाक जागच्या जागी अडलं. तिनं पुन्हा दाबला. माझे ब्रेक मी दर महिन्याला स्वतः नीट करत असे. त्या सायकलला नव्यासारखं काही असेल तर ते ब्रेकच होते.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग वकिलांकडे. वकील जमिनीकडे बघत होते. ती सावकाश उभी राहिली आणि हात झटकले.

"गेलाय की पार," तिनं जाहीर केलं. "लागतच नाही."

मग सगळे सुटलेच. "काका, ही सायकल म्युझियमला द्या!" "शिवाजीमहाराजांच्या काळातली आहे का हो?" "शेपूट करायला गेलो आणि शेपूटच तुटलं!" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हातात गूळ-शेंगदाणे ठेवले. इतकी माणसं एकाच वेळी मला हसत होती, आणि मला कुठंही लपावंसं वाटत नव्हतं. मी त्या ढगळ जाकिटात मान ताठ ठेवून मध्ये उभा होतो. वकिलांनी एकदाच माझ्या दंडाला धरलं, आवळलं आणि सोडलं. मग तेही हसण्यात सामील झाले, नेहमीच्या आवाजात.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. वकीलसाहेब पुढे दोन हिवाळ्यांत तो घाट बसून उतरायला लागले, साठनं नव्हे, पण उतरायला लागले. आता घाटात घाबरून थांबलेला कुणी नवा दिसला, तर ते स्वतःच त्याला हे सगळं सांगतात, मेढ्याच्या रस्त्यापासून. मला म्हणाले, तुम्ही लिहा. म्हणून लिहिलं.

त्या दिवशी निघताना उदयनं जाकीट परत घेण्यासाठी हात पुढे केला. "काका, पुढच्या रविवारी जावळीच्या बाजूला जायचंय. ब्रेक करून या. जमेल ना?"

मी जाकीट काढलं नाही.

"जमेल," मी म्हणालो. "आणि उतरताना शेपूट मी."

कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालो होतो.